चार पेट्यांच्या अक्का

धुळ्याच्या सरकारी लस भांडारात मी रुजू व्हायला गेलो ते भर मे महिन्यात. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत एक बाई तपकिरी स्वेटर घालून, कानाला रुमाल गुंडाळून, टेबलाशी काहीतरी लिहीत बसल्या होत्या. नुकत्याच शीतखोलीतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि मी नकळत एक पाऊल मागं सरकलो. सगळा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, आणि डावा डोळा दुधासारखा पांढरा. अशा मागं सरकणाऱ्या पावलांची त्यांना सवय असावी. त्यांनी माझा नेमणुकीचा हुकूम सावकाश वाचला, उजव्या डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"दोंडाईच्याचा? कापडवाल्यांचा मुलगा?"

"हो."

"मग माल सांभाळायचं ठाऊक असेल. पिशवीतली पाण्याची बाटली बाहेर टेबलावर ठेव आणि ये आत. फ्रीजमध्ये ठेवलीस तर पहिल्याच दिवशी आपलं भांडण होईल."

त्या अक्का. भांडाराच्या प्रमुख. मूळच्या नर्स, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या. ड्रायव्हरपासून मुंबईहून येणाऱ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. मला त्या शेवटपर्यंत 'शेठ' म्हणत राहिल्या. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. नंतर पुष्कळ साहेब पाहिले, शिकलेली आणि नावाजलेली माणसं पाहिली. पण कुणाच्या नुसत्या आठवणीनं मी खुर्चीत नीट सावरून बसावं, असं माणूस ते एकच.

भांडारात ओळीनं आडवे फ्रीज होते. पोलिओ, गोवर, धनुर्वात, सगळ्या लसी तिथून गावोगाव जायच्या. गाड्या यायच्या, भरून जायच्या. त्या ओळीच्या टोकाला, भिंतीलगत, एक फ्रीज मात्र वेगळा होता. त्याला दोन कुलपं होती. आत चार पेट्या. त्या पेट्या भरून कधी कुठं जात नसत.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "अक्का, यात काय आहे?"

"देवीची लस."

मला वाटलं, थट्टा करताहेत. देवी हा रोग तर जगातून केव्हाच नाहीसा झाला, असं आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

"रोग गेला," अक्का म्हणाल्या. "पण त्याचं बी कुठंतरी बाटलीत ठेवलेलं आहे. परदेशात, कुलपात. आणि जिथं कुलूप आहे तिथं चोर आलाच. उद्या कुणाच्या डोक्यात आलं की हे बी माणसांवर सोडावं, तर? आता कुणाला टोचलेलं नाही. तुझ्या दंडावर खूण आहे? नाही ना. माझ्या पिढीनंतरचे तुम्ही सगळे उघडे. म्हणून सरकारनं काही ठिकाणी थोडी थोडी लस ठेवली आहे. खानदेशासाठी या चार पेट्या."

"आणि तसं काही झालंच नाही तर?"

"तर मुदत संपेल, ही नष्ट करायची, नवी आणायची, ती सांभाळायची."

"किती वर्षं?"

"मी नोकरीत आहे तोवर मी. मग तू."

मला तेव्हा ते मोठं हास्यास्पद काम वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला अक्का प्रत्येक फ्रीजचं तापमान स्वतः बघत. त्यासाठी माणूस होता, यंत्र होतं, पण स्वतः बघत. टोकाच्या फ्रीजपाशी आल्या की झाकणावर हात ठेवून अहिराणीत पुटपुटत, "बठ्ठं बरोबर शे ना?" म्हणजे सगळं ठीक आहे ना, आणि मग नोंदवहीत तापमान लिहून शेऱ्याच्या रकान्यात लिहीत: आज काही घडले नाही.

रोज. रविवारीसुद्धा, कारण रविवारीही त्या येत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "बाई, हे काय? काही घडलं तर लिहायचं असतं. घडलं नाही हे कशाला लिहिता?"

"साहेब, हेच तर आपलं काम आहे," अक्का म्हणाल्या. "झालेलं काम लिहू नको?"

साहेबांनी बोट काढून घेतलं.

लोकांच्या दंडाकडे बघायची त्यांना सवय होती. बसमध्ये, बाजारात, लग्नात. एखाद्या म्हाताऱ्याच्या दंडावर लहानपणच्या लसीची ती गोल, चपटी खूण दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. ओळख नसली तरी बोलायला जायच्या. "आबा, कुठं टोचलं होतं तुम्हाला? शाळेत की चावडीवर?" आणि तो म्हातारा, ज्याला दहा वर्षांत कुणी स्वतःबद्दल काही विचारलं नसेल, तो चावडीवर कसे पळाले, कसे पकडून आणले, हे सगळं सांगत बसायचा. आमची बस चुकायची.

स्वतःबद्दल मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा सोलता सोलता. "सहा वर्षांची होते. घरात दोघांना झाली. धाकटा भाऊ गेला, माझा डोळा गेला, बहीण तशीच सुटली. टोचणारा माणूस गावात आला होता त्याच्या महिनाभर आधी. आईनं आम्हाला कणगीमागं लपवलं. बहीण मामाकडं होती, तिला तिथं टोचली."

मी पुढची शेंग उचलली.

"आईवर रागवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तिनं माया केली. पण मी नर्स झाले."

लग्नाचं मी विचारणार नव्हतो. त्यांनीच सांगून टाकलं. "दोनदा पाहुणे आले होते बघायला. चहा पिऊन गेले. चहा चांगला झाला होता." आणि सोललेल्या शेंगा माझ्यापुढं सारल्या.

माझे वडील एकदा दोंडाईच्याहून लोणच्याची बरणी घेऊन आले. राजस्थानातून येऊन आमच्या घराण्याला खानदेशात चार पिढ्या झाल्या, पण माल पाहिला की वडिलांचे हात अजून आपोआप पुढं जातात. त्यांनी सगळं भांडार फिरून पाहिलं आणि टोकाच्या फ्रीजपाशी थांबले.

"अक्का, हा माल किती वर्षांचा?"

"हा लॉट चार वर्षांचा. त्याच्या आधीचा असाच गेला."

"गिऱ्हाईक?"

"एक नाही. येऊ नये."

वडिलांनी पुढं केलेला हात मागं घेतला. आमच्या घरात पडून राहिलेला माल म्हणजे दुखणं. दिवाळीनंतर ठाण उरलं तर वडिलांना जेवण जात नसे. ते म्हणाले, "माझ्या दुकानात असा माल असता तर मला झोप आली नसती."

"मला येते ती त्याच्यामुळंच, भाऊ," अक्का म्हणाल्या.

वडिलांनी घरी जाऊन त्या फ्रीजसाठी जाड, निळ्या कापडाचं झाकण शिवून पाठवलं, कडेला गोट वगैरे लावून. अक्कांनी ते फ्रीजवर घालू दिलं नाही. मागं जाळी असते, हवा कोंडते, म्हणाल्या. पण परतही पाठवलं नाही. पश्चिमेच्या खिडकीला पडदा म्हणून लावलं आणि वडिलांना पत्र लिहिलं की तुमच्या कापडानं दुपारचं ऊन अडतं, खोलीला मोठा आधार झाला. वडिलांनी ते पत्र दुकानात गल्ल्यामागं काचेखाली ठेवलं होतं. गिऱ्हाईकांना दाखवायचे.

लॉटची मुदत संपली की तो नष्ट करायचा दिवस ठरायचा. समिती यायची, कुप्या मोजायची, मोठ्या दाबपात्रात उकळायची, मग आवारातल्या खड्ड्यात पुरायची. सगळे कंटाळलेले असत. आणि अक्का त्या दिवशी नवी साडी नेसून यायच्या. पहाटे उठून खापरावरच्या पुरणपोळ्या केलेल्या असत, ताटाएवढ्या, रुमालासारख्या घड्या घातलेल्या, बरोबर आंब्याचा रस. खड्डा बुजवून झाला की समितीच्या सगळ्यांना झाडाखाली बसवून आग्रहानं वाढायच्या.

एक नवीन डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "अक्का, एवढी लस वाया गेली आणि तुम्ही सण करताय?"

"डॉक्टर, वाया गेली म्हणजे काय? तुमच्या ओळखीतलं कुणी देवीनं मेलं का या वर्षांत? नाही ना? मग घ्या अजून एक."

त्या डॉक्टरांनी दुसरी पोळी घेतली. मी पाहिलं, ते खाताना खड्ड्याकडे बघत होते.

उन्हाचं एक सांगतो. एका मे महिन्यात दुपारी बाराला भांडाराचा ट्रान्सफॉर्मर उडाला. जनरेटर सुरू झाला, दहा मिनिटं चालला आणि त्यानंही मान टाकली. आम्ही सगळे धावपळ करू लागलो. अक्का धावल्या नाहीत. "झाकण कुणी उघडायचं नाही," एवढंच म्हणाल्या. न उघडलेला फ्रीज बराच वेळ थंड राहतो. तोवर त्यांनी कोल्ड बॉक्स काढले, गोठलेले आइसपॅक टेबलावर मांडले आणि एक एक उचलून कानाशी हलवू लागल्या. नवा वीजमिस्त्री माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

"आत पाणी हललेलं ऐकू आलं पाहिजे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कडक बर्फ ठेवलास तर काही लसी गोठून मरतात. लसीत मिसळायच्या पाण्याच्या कुप्या तडकतात. उन्हानं मारायचं नाही तसं थंडीनंही नाही. घे, तूही ऐक."

मी कानाशी धरला. काही ऐकू येईना. त्यांनी मला तीन वेळा ऐकायला लावलं. चौथ्यांदा आत बारीकसा चुळचुळ आवाज आला आणि मी मान डोलावली. त्या हसल्या. मग आम्ही सगळा माल हलवला, गावातल्या दूध डेअरीच्या शीतगृहात. त्या चार पेट्या सर्वांत शेवटी निघाल्या, आणि जीपमध्ये अक्का त्या पेट्यांवर हात पसरून बसल्या होत्या, जणू लेकरं कुठं उडून जातील. डेअरीवाल्यांनी सगळ्यांना ताक दिलं. अक्कांनी तापमान लिहून होईपर्यंत घोट घेतला नाही.

आता जळगावचं. हे सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसलो.

कोरोनाच्या काही वर्षं आधीची गोष्ट. जळगावच्या एका कार्यालयात टपालात एक जाड लिफाफा आला. आवक लिपिक म्हणून काम करणाऱ्या मुलीनं तो फोडला. आतून पांढरी पूड टेबलावर सांडली, आणि एक चिठ्ठी निघाली: आता सगळे मराल. पोलीस आले, पूड तपासायला नेली, टेबल धुतलं. एकदोन दिवस चर्चा झाली आणि लोक विसरले. बाराव्या दिवशी त्या मुलीला सणसणून ताप भरला आणि तापाच्या तिसऱ्या दिवशी अंगभर फोड उठले. तोंडावरसुद्धा.

पहिल्यांदा सगळे कांजिण्याच म्हणाले. पण तिची आई शपथेवर सांगत होती की हिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत. मग कुणीतरी लिफाफ्याची आठवण काढली. मग कुणीतरी 'देवी' हा शब्द उच्चारला. तो शब्द एकदा बाहेर पडल्यावर दवाखान्याचा तो मजला तासाभरात रिकामा झाला.

वरून धुळ्याला हुकूम आला: चारही पेट्या जळगावला हलवा, पुढच्या आदेशापर्यंत उघडू नका. डेअरीची ती दुपार सोडली तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या फ्रीजची दोन्ही कुलपं प्रवासासाठी उघडली. मला किल्ली लावता येईना. अक्कांनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि नेहमीच्या गाड्या भरतात तशा पेट्या भरल्या. पारोळा, एरंडोल मागं पडलं. अक्का मांडीवर वही घेऊन काहीतरी लिहीत होत्या.

जळगावला दवाखान्याच्या खाली गर्दी. तिथले मोठे डॉक्टर दारातच उभे होते. शांत माणूस, पण शर्ट घामानं भिजलेला. त्यांच्यामागं दोनतीन अधिकारी, आणि एक वजनदार गृहस्थ, ज्यांचा शब्द त्या भागात कुणी मोडत नसे.

ते गृहस्थ पुढं झाले. "आल्या का लसी? आधी माझ्या घरचे आठजण. नातवंडं लहान आहेत."

"किती लहान?" अक्कांनी विचारलं.

"धाकटा सहा महिन्यांचा."

"त्याला ही टोचली तर रोगाआधी लसच त्याला मारील. ही साधी लस नाही, भाऊ. कुणाच्या अंगावर खरूज-इसब असेल, कुणी अशक्त असेल, त्यालाही भोवते. त्याला घरी न्या, आईच्या मांडीवर राहू द्या."

गृहस्थ लालबुंद झाले. "तुम्ही कोण?"

"भांडारपाल," अक्का म्हणाल्या आणि मोठ्या डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, तुमच्यापैकी कुणी देवीचा रोगी पाहिला आहे?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "पुस्तकात."

"मी आरशात पाहते. मला आत जाऊ द्या. हा रोग मला दुसऱ्यांदा होत नाही. तुमच्यातलं कुणी आत गेलं आणि ती देवीच निघाली तर यादी एकानं वाढेल."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि हो म्हणाले. तशी परवानगी देणं नियमात होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. त्यांनी अक्कांना झगा, टोपी, हातमोजे, मास्क सगळं चढवायला लावलं. मी दाराच्या काचेतून बघत होतो. कोपऱ्यातल्या खाटेवर ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन जेवणाची ताटं दाराशीच जमिनीवर सरकवून ठेवलेली, तशीच, झाकण न काढलेली. आत पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं.

अक्कांनी तिला दंड, पाठ, पोट दाखवायला लावलं. मग तळहात. मग खाटेच्या टोकाशी जाऊन, वाकून, तळपाय कितीतरी वेळ पाहिले. मुलगी त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती. तेव्हा अक्कांनी मास्क खाली ओढला. बाहेरून डॉक्टरांनी काचेवर टकटक केलं. अक्कांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मना तोंडकडे देख," त्या म्हणाल्या.

मुलीनं मान वळवली आणि बघत राहिली.

"देवी म्हणजे हाई," त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केलं. "तुले झायं ते हाई नही. कसाले घाबरस?"

मुलीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. ती अमळनेरकडची होती, तिलाही अहिराणीच जवळची. "अक्का, मनं तोंड असंच ऱ्हाई का?"

"ऱ्हायनं तं ऱ्हायनं. ह्या तोंडवर मी पस्तीस वरीस नोकरी करी. ऊठ, जेवी ले."

आणि ती उठून बसली. अक्कांनी ताट उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "मला सुचलं नसतं हे."

बाहेर आल्यावर अक्का डॉक्टरांशी बाजूला जाऊन पाचसात मिनिटं बोलल्या. मग डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं: कांजिण्या असण्याचीच शक्यता जास्त आहे. फोडातलं पाणी मोठ्या प्रयोगशाळेत गेलं आहे, परवा दुपारपर्यंत अहवाल येईल. तोवर पेट्या उघडायच्या नाहीत. देवीची लस संपर्कानंतर चार दिवसांच्या आत टोचली तर उपयोगी पडते, आणि फोड उठून एकच दिवस झाला आहे, म्हणजे परवा दुपारपर्यंत थांबायला जागा आहे.

पुढचे दोन दिवस मी विसरणार नाही. फोन थांबत नव्हते. कुणाचा मेव्हणा, कुणाचे सासरे, दोन कुप्या द्या, एक द्या, निदान एका लेकीपुरती द्या. शहरात अर्धी दुकानं बंद. खालची गर्दी हटेना. पेट्यांची जबाबदारी माझ्यावर होती. तापमान मी लिहीत होतो, आइसपॅक कानाशी हलवून बदलत होतो, कारण अक्का आत होत्या. दर दोनतीन तासांनी बाहेर येऊन डॉक्टरांशी दोन शब्द बोलायच्या आणि पुन्हा आत. काचेतून बघावं तर त्या मुलीच्या खाटेशी स्टूलवर बसून काहीतरी सांगत असायच्या, आणि दोघी हसत असायच्या. खालून गर्दीतले लोक विचारायचे, ती म्हातारी काय करतेय आत? मी सांगायचो, हसतेय. हे ऐकूनच पुष्कळजण घरी गेले.

जीपमध्ये त्या काय लिहीत होत्या ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी मला वही दिली. ती यादी होती. उघडायची वेळ आलीच तर कुणाला कुठल्या क्रमानं टोचायचं त्याची. वाटेत नावं ठाऊक नव्हती म्हणून नुसती कामं लिहिली होती. इथं आल्यावर समोर नावं भरली होती. पहिली त्या मुलीची आई. दुसरी तिच्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण. तिसरा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. चौथी त्या मजल्यावरची सफाई कामगार बाई, जिच्याकडे दोन दिवसांत कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं आणि जी तोंडाला पदर बांधून रोज तो मजला पुसत होती. पाचवा त्या मुलीला प्रथम तपासणारा तरुण डॉक्टर. मग नर्सा, कार्यालयातले लोक. माझं नाव बारावं होतं. सगळ्यांत शेवटच्या पानावर अधिकारी, आणि त्यांच्याही खाली ते वजनदार गृहस्थ. नातवाच्या नावापुढं लिहिलं होतं: देऊ नये, जपावे.

"त्यांचं नाव लिहिलंत?" मी विचारलं.

"माणूसच आहे तो," अक्का म्हणाल्या. "घाबरलेला."

तिसऱ्या दिवशी दुपारी अहवाल आला. कांजिण्या. पुढं तिच्या आईलाही आठवलं की लहानपणी झाल्या होत्या त्या हिला नव्हे, हिच्या थोरल्या बहिणीला. आणि ती पूडही नुसती कॅरमची पावडर निघाली. कुणा चिडलेल्या माणसानं पाठवलेली. दवाखान्यात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ते गृहस्थ पेढे घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत अक्कांना वाकून नमस्कार केला. अक्कांनी सफाईवाल्या बाईला बोलावून पहिला पेढा तिला द्यायला लावला. मोठ्या डॉक्टरांनी काही केलं नाही. ते भिंतीला टेकून उभे होते आणि अक्कांकडे बघत होते, एवढंच.

चारही पेट्या न उघडता परत निघाल्या. पारोळ्याला आम्ही चहाला थांबलो. ड्रायव्हर गाडीपाशीच राहिला. मी अक्कांसमोर कप ठेवला. त्यांनी तो उचलला आणि बशीवर आपटून चहा सांडला. त्यांनी दुसऱ्या हातानं धरायचा प्रयत्न केला. तोही हात थरथरत होता. सात वर्षांत मी ते हात कधी थरथरताना पाहिले नव्हते.

"अक्का, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "शेठ, तिच्या डाव्या तळपायावर दोन फोड होते."

मला काही उमगलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. कांजिण्या पाठीपोटावर दाट, तळव्यांना बहुतेक नसतात. देवी तोंडावर, हातापायांवर दाट, तळहाताला नि तळपायाला हमखास. तिचे पाठीपोटावरचे फोड कांजिण्यांसारखे होते, काही नवे, काही सुकत आलेले. पण तळपायावर ते दोन होते.

"कांजिण्यांतही क्वचित येतात तिथं. पण माझ्या भावाला पहिले दिसले ते तळपायालाच. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, त्याच वेळी. बाकी कुणाला नाही. दोघांनी ठरवलं, तासातासाला तळपाय बघायचे. दोनाचे चार झाले तर अहवालाची वाट बघायची नाही, यादी काढायची आणि पेट्या उघडायच्या."

 म्हणजे आत जाऊन बसल्या होत्या त्या त्यासाठी. दर दोनतीन तासांनी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगत होत्या ते हेच. मला पुन्हा आठवू लागलं ते सगळं, काचेपलीकडचं. पायावरची चादर नीट करायच्या, तिचे पाय चेपायच्या, तिला म्हणायच्या, आमच्या गावाकडं पाहुण्याचे पाय चेपतात.

"म्हणजे तुम्हाला खात्री नव्हती?"

"कागद येईपर्यंत नव्हती."

"मग दोन दिवस तुम्ही हसत कशा होतात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं.

"ती माझ्याकडं बघत होती ना," अक्का म्हणाल्या.

मग दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी उरलेला चहा एका दमात संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या.

"चल. गाडी उन्हात उभी आहे."